पंगतीतला पेला नाकारणारा देबूजी

संत गाडगेबाबांचे नाव घेताच हातातला खराटा आठवतो. मात्र दारूशी त्यांचे वैर खराट्याहूनही जुने. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेल्या देबूजीचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. संसार उघड्यावर आला आणि आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी राहू लागली.

झिंगराजी मुळातच व्यसनी होते, असे नव्हे. देवाला बकरे कापायचे, नंतर पंगत, आणि पंगतीत दारू. जो घेणार नाही तो भाऊबंदांत हलका ठरे. गोंदियाच्या जंगलपट्ट्यात मोहाच्या दारूला सणावारात स्थान आहे, तसेच हे. नवस, बारसे, लग्न असे कोणतेही निमित्त पुरे. आज सामना जिंकलेल्या कोवळ्या खेळाडूच्या हाती पहिला पेला येतो, तोही तहानेपोटी क्वचितच. जल्लोषात आपण वेगळे पडू नये, ही धास्ती त्यामागे असते. मैदानावर कोणालाही न जुमानणारे पोर सोबत्यांच्या आग्रहापुढे नमते.

देबूजी मामाच्या शेतात राबून हाडापेराने मजबूत झाला. गुरांची निगा राखणे त्याच्या विशेष आवडीचे. मामाची जमीन गिळू पाहणाऱ्या सावकारासमोरही हा तरुण बेधडक उभा राहिला. पण त्याहून अवघड प्रसंग पुढे आला, तो घरच्याच आनंदाचा. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची मेजवानी अपेक्षित होती. देबूजीने जातभाईंना गोडधोडाचे जेवण वाढले. पाहुणे नाराज झाले; रूढी मोडल्याचा राग त्या काळी साधा नव्हता. सावकार परका होता, इथे रुसणारे सारे आपलेच. तरी तो बधला नाही.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. पुढे अर्धशतक गावोगाव दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन चालले. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. दारू, कर्ज, पशुबळी हे विषय पुनःपुन्हा येत. पिणाऱ्याला नुसते दटावण्यापेक्षा पाजणाऱ्या रिवाजावर त्यांचा घाव अधिक असे. दारूपायी घर कसे बसते, हे त्यांना कोणत्याही पोथीतून शिकावे लागले नव्हते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर, त्यांनी देह ठेवला.