ज्ञानदेवांचा पट

गेल्या दिवाळीत आमचा नातू पुण्याहून वाशीमला आला, तो एका खोक्यात अख्खे जग घेऊन. खोक्यात जाडजूड पुस्तके होती, पेन्सिलीने खाडाखोड केलेले कागद होते आणि फासे होते. फासे म्हणजे आपल्या ओळखीचे सहा बाजूंचे नव्हेत. चार, आठ, बारा, अगदी वीस बाजूंचेसुद्धा. सोबत दोन मित्र. ओसरीवर सतरंजी टाकून पोरे बसली आणि तीन दिवस उठली नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर नाहीतर जादूगार व्हायचे, आपण काय करणार ते बोलायचे आणि अडल्या ठिकाणी फासा टाकायचा, असा तो खेळ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली काढला.

तिसऱ्या दिवशी पोरांचे भांडण जुंपले. खेळाची जुनी घडण चांगली की नवी, हा वादाचा मुद्दा. जुन्या नियमांत तीन फासे टाकून जे अंगबळ, जी बुद्धी पदरी पडेल, ती घेऊन निघायचे. जीव शून्यावर आला की वीर मेला. रडायला वाव नाही. अडचणीतून वाट काढायची ती खेळणाऱ्याने स्वतःच्या डोक्याने, आणि निवाडा करायचा तो गोष्ट सांगणाऱ्याने. २०१४ च्या नव्या नियमांत आपला वीर आपण मनाजोगता घडवू शकतो. तो शून्यावर आला तरी लगेच मरत नाही. तीन फासे चांगले पडले तर सावरतो, तीन वाईट पडले तरच संपतो. एक म्हणे, मरणाची भीती नाही तर खेळ कसला? दुसरा म्हणे, महिनाभर जीव लावलेला माणूस एका फाशाने मारायचा, तर गोष्ट कसली? शेवटी निवाड्यासाठी मंडळी माझ्याकडे आली.

वाचकहो, मी पडलो बँकेतला माणूस. नियम तो नियम, हे आमच्या रक्तात. पण निवृत्तीच्या आधीपासून कादंबऱ्याही लिहितो; आवडते पात्र मारताना माझाच हात थरथरतो. माझ्यातल्या अधिकाऱ्याने जुन्याची बाजू घेतली, लेखकाने नव्याची, आणि निकाल राखून ठेवून मी जेवायला उठलो.

रात्री आजीचा पट आठवला. आमची आजी कारंज्याची. एकादशीच्या रात्री ती मांजरपाटावर रंगवलेला एक पट अंथरायची आणि कवड्या काढायची. तळाचे घर जन्माचे, माथ्याचे मोक्षाचे. मध्ये श्रद्धा, दान, ज्ञान अशा घरांतून निघणाऱ्या शिड्या आणि अहंकार, मत्सर, क्रोध अशा घरांत तोंड वासलेले साप. शिड्या थोड्या, साप जास्त. हा खेळ माउलीने केला, असे आजी ठामपणे सांगे.

परंपराही तेच सांगते. मोक्षपट ज्ञानदेवांनी रचला असे मानतात; त्यांच्या काळचा लेखी पुरावा मात्र नाही. आज हाती असलेले जुने पट त्यांच्यानंतर काही शतकांचे आहेत. जैनांकडेही असाच ज्ञानाचा पट खेळला जाई. म्हणून पट माउलीचाच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या पटाशी ज्ञानदेवांचेच नाव का जोडले गेले, हे त्यांचे आयुष्य समोर मांडले की उमगते.

हा मुलगा जन्मला तोच सापाच्या तोंडाशी. वडील विठ्ठलपंत, आई रुक्मिणी. विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. घरी पत्नी आहे हे कळल्यावर गुरूंनी त्यांना परत संसारात पाठवले. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार लेकरे झाली. ज्ञानदेवांचा जन्म परंपरेने शके ११९७ चा, म्हणजे १२७५ चा मानतात. संन्याशाने पुन्हा गृहस्थ होण्याची सोय धर्मशास्त्रात नव्हती, म्हणून त्याच्या मुलांची मुंज करण्याचीही नव्हती. सारे घर वाळीत पडले. पोरांचा दोष काय, हे विचारायला नियमांच्या पोथीत जागाच नसते. उपाय विचारला तर देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले आणि आईबापांनी, लेकरांची वाट मोकळी व्हावी म्हणून, देह ठेवला, अशी कथा आहे. विशीही न गाठलेली चार भावंडे उघड्यावर पडली आणि तरीही वाट मोकळी झाली नाहीच.

भावंडे पैठणला गेली ती शुद्धिपत्र मागायला. आजच्या भाषेत दाखला आणायला! तिथे ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेचा रोख लपत नाही. ज्याला वेदाचा अधिकार नाही असे नियम म्हणतो, त्याच्यातही तोच प्राण आहे, एवढेच तिला सांगायचे आहे.

त्याच काळात देवगिरीला यादवांच्या दरबारी हेमाद्री हा मोठा अधिकारी होता. राज्याचे दप्तर सांभाळणारा, म्हणजे माझ्याच जातकुळीतला. त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रते आणि दाने यांचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. कोणत्या तिथीला काय करावे, काय द्यावे, सारे बारकाईने नोंदलेले. आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला एका खांबाला टेकून पंधरा वर्षांचा एक मुलगा गीतेचा अर्थ मराठीत सांगत होता आणि सच्चिदानंदबाबा तो उतरवून घेत होते. गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या झाल्या. ज्या व्यवस्थेने याला घराबाहेर ठेवले, तिच्यावर त्याने राग धरला नाही, पटही उधळला नाही. त्याने तो पंडितांच्या माजघरातून उचलला आणि अंगणात अंथरला, जिथे कुणालाही बसता येईल. पुढे नामदेव शिंपी, गोरा कुंभार, चोखा महार असे सगळेच त्या अंगणात आले.

चांगदेवांसारखा थोर योगी या मुलाला पत्र लिहायला बसला आणि मायना काय घालावा हे न सुचून त्याने कोराच कागद पाठवला, असे सांगतात. त्याच्या उत्तरादाखल पासष्ट ओव्या गेल्या. नामदेवांबरोबर तीर्थयात्रा झाली. मग शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, १२९६ साली, आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. वय अवघे एकवीस. मागोमाग तिन्ही भावंडेही गेली. त्याच १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला होता. हेमाद्रीने ज्याचे दप्तर सांभाळले ते राज्य पुढे लयाला गेले. पोराची पोथी मात्र राहिली आणि १५८४ साली एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली.

आता एक कबुली देतो. आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी आम्ही अकोल्यात होतो. त्या काळात मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. एका कोरड्या वर्षी एक कास्तकार कर्जाची मुदत वाढवून मागायला आला. मागचा एक हप्ता थकला होता. नियमात बसत नाही, असा शेरा मारून मी अर्ज परत केला. नियम तसाच होता, मी खोटे काही केले नाही. पण वरच्या कार्यालयाला दोन ओळी लिहून विचारता आले असते, आणि ते मी केले नाही. पुढे त्याने बैलजोडी विकल्याचे कळले. पैठणच्या त्या सभेची गोष्ट ऐकताना लोक शास्त्र्यांना हसतात. मला हसू येत नाही. त्या सभेत मागच्या रांगेत मीच बसलेला दिसतो.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून आजीचा पट काढला आणि पोरांपुढे अंथरला. नियम दोन वाक्यांत सांगून झाले. त्यांच्या जुन्या खेळाचा कडकपणा यात आहे. सगळ्यांची सुरुवात जन्माच्या घरातून, कवड्या सगळ्यांना सारख्या, आणि अहंकाराचा साप मोक्षापासून दोन घरांवर असलेल्यालाही सोडत नाही. पण नव्या खेळाची मायाही आहे, कारण इथे मरून बाद कुणीच होत नाही. साप खाली नेतो, पटाबाहेर टाकत नाही. घसरण खरी, आणि पुढचे दानही खरे. विलायतेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ गेला, शंभर घरांची सापशिडी होऊन परत आला, तेव्हा साप आणि शिड्या जवळजवळ समसमान झाल्या होत्या आणि पुढे घरांची नावेही पुसली गेली. जमा आणि नावे अशी सारखी जुळलेली पाहिली की आम्हा बँकवाल्यांना आधी शंका येते! आणि नावे गेली तेव्हा आपण का पडलो हे कळण्याची सोयही गेली.

पसायदान मागताना ज्ञानदेवांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा दुष्टपणा जावा एवढेच मागितले. आईबाप गमावलेल्या मुलाचे हे मागणे आहे. पट त्यांनी रचला असो वा नसो, कुणालाही पटाबाहेर न टाकणारा नियम त्यांचाच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पोरांना मी हाच निकाल दिला. फासा कडक असू द्या, पण पडलेल्याला परत खेळता आले पाहिजे.

निकाल त्यांना पटला की नाही, देव जाणे. कारण तेवढ्यात मत्सराच्या सापाने नातवाला गिळले आणि तो कवड्या मागू लागला. जाताना त्याने पट पुण्याला नेला. त्याबदली त्याचा एक वीस बाजूंचा फासा माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. नव्या कादंबरीत एक कास्तकार आहे आणि त्याचा अर्ज सध्या एका अधिकाऱ्याच्या टेबलावर पडलेला आहे. त्याचे काय करायचे, ते मी फाशाला विचारणार नाही.