पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ



वन-नॉर्थच्या बायोपोलिसमधील प्रयोगशाळांत आज आपल्या मराठी लेकी-सुनाही काम करतात. या परिसराचा 2001 सालचा आराखडासुद्धा झाहा हदीद या स्त्री-वास्तुविशारदाच्या हातचा! हे सारे आता सहज वाटते. पण आपल्याकडे मुलींसाठी ही वाट ज्यांनी खणली, त्यांत एक मोठे नाव म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, सर्वांचे अण्णा.

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, गाव कोकणातले मुरूड. परीक्षेसाठी ते साताऱ्यापर्यंत पायी गेले. वय लहान दिसते म्हणून त्यांना बसूच दिले नाही! तरीही ते शिकले आणि 1891 पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई वारल्या. 1893 साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाईंशी विवाह केला. गावाने वाळीत टाकले, पण अण्णा डगमगले नाहीत. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि 1900 साली तो हिंगण्याला हलवला.

पुढे जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि 1916 साली महिला विद्यापीठ उभे राहिले. विद्यार्थिनी किती? अवघ्या पाच! शिक्षण मातृभाषेतून. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे नाव मिळाले. तेच आजचे एस.एन.डी.टी.

अण्णांच्या अभ्यासक्रमात गृहशास्त्र, आरोग्य यांना मोठे स्थान होते. स्त्रीचे शिक्षण घरासाठीच का, हा प्रश्न आज कोणालाही पडेल. गंमत अशी, की हा प्रश्न विचारायला जागाही त्यांच्याच विद्यापीठाने दिली! 1974 साली तेथे नीरा देसाई यांच्या पुढाकाराने भारतातील पहिले स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झाले, तर 1981 साली पहिली राष्ट्रीय स्त्री-अभ्यास परिषद तेथेच भरली. स्त्रियांना शिकवणे वेगळे. स्त्रियांचे श्रम, त्यांचा इतिहास, त्यांचे म्हणणे हाच अभ्यासाचा विषय करणे वेगळे.

याचे उदाहरण अण्णांच्या घरातच आहे. अण्णांनी आपली कमाई आश्रमाला वाहिली, पण संसाराची ओढाताण सोसली ती गोदूबाईंनी, म्हणजे बाया कर्वे यांनी. 'माझे पुराण' या आत्मचरित्रात त्यांनी आपली बाजू मोकळेपणाने मांडली आहे. ते वाचल्याने अण्णा लहान होत नाहीत, त्यागाचा हिशेब मात्र पुरा होतो.

अण्णांना शंभराव्या वर्षी, 1958 मध्ये, भारतरत्न मिळाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी ते गेले. आपल्या मुलांना अण्णांची गोष्ट जरूर सांगूया, आणि सोबत बायांचीही. दोघांनाही विनम्र अभिवादन!