सर फिरोजशहा मेहता व नगराची निवडणूक

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथील आमचे वाचक मुंबईच्या महानगरपालिकेसाठी मत देतात. खेड्यांतील वाचक ग्रामपंचायतीसाठी देतात. मते मोजण्याच्या ह्या रीतीने चांगले पुढारी निपजतात काय, असा प्रश्न सांप्रत पुष्कळांच्या तोंडी असतो. त्याचा विचार करू लागलो, तेव्हा आम्हांस सर फिरोजशहा मेहता ह्यांचे स्मरण झाले.

फिरोजशहांचा जन्म मुंबईत एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी ४ ऑगस्ट १८४५ रोजी झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातील अभ्यास संपवून ते विलायतेस गेले व १८६८ साली बॅरिस्टर झाले. ते परत आल्यावर थोड्याच काळात शहरात मोठी गडबड उडाली. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड ह्यांनी शहर स्वच्छ केले खरे, परंतु खर्च बेसुमार केला, म्हणून कर भरणारे लोक खवळले होते. १८७१ साली हा तरुण बॅरिस्टर त्या खवळलेल्या लोकांपुढे उभा राहिला. दोष त्या एका मनुष्याचा नसून व्यवस्थेचा आहे; कर भरणाऱ्यांस आपले प्रतिनिधी निवडू द्यावे, पण कारभार एका जबाबदार हाती ठेवावा, असे त्यांनी प्रतिपादिले. लोकांस ते रुचले नाही. लोकांच्या हक्काची बाजू मांडणाऱ्याने लोकांचाच रोष पत्करावा, हे आम्हांस विशेष वाटते.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांपैकी ३२ जण करदात्यांनी निवडावे असे ठरले. १८८८ च्या कायद्याच्या घडणीत फिरोजशहांचा मोठा हात होता. त्या कायद्याने ७२ पैकी ३६ सभासद वॉर्डांतून येऊ लागले. गोरगरिबांस व मजुरांस मात्र मत नव्हते, हे विसरून त्या काळाची वाखाणणी करणे बरे नव्हे.

सुमारे चाळीस वर्षे ते त्या सभेत बसले. १८८४, १८८५ व १९०५ ह्या साली ते अध्यक्ष होते. १९०१ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात जमीनमहसुलाचे बिल आले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्यास परत देताना ती विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा हक्क काढून घेण्याची त्यात योजना होती. फिरोजशहा व गोखले हे काही सभासदांसह सभेतून उठून गेले. ज्या शेतकऱ्यांसाठी ते उठले, त्यांपैकी कोणीही त्यांस मत दिलेले नव्हते.

१९०७ साली काही बड्या युरोपियन अधिकाऱ्यांनी त्यांस नगरसभेतून काढण्याचा घाट घातला. फिरोजशहा जस्टिस ऑफ दि पीस ह्यांच्या मतांवर निवडून येत. त्या वर्गाच्या जागा १६ होत्या. विरोधकांनी १६ नावांची यादी करून तिच्यासाठी मते जमविली, आणि फिरोजशहा सतरावे आले! पुढे निवडून आलेल्यांपैकी एक जण कायद्याने अपात्र ठरला व ती जागा त्यांस मिळाली. एवढा मोठा पुरुष केवळ एका यादीने बाहेर पडला असता. आणि ती यादी करणारे अडाणी मतदार नव्हते, तर शहरातील शिकलेले व प्रतिष्ठित लोक होते. म्हणून मताधिकार सर्वांस दिल्याने पुढारी बिघडले, असे जे म्हणतात त्यांचे म्हणणे आम्हांस पटत नाही.

विरोधकांची तक्रार अगदीच खोटी होती असेही नाही. फिरोजशहा हुकमी स्वभावाचे होते, व त्यांच्या दबदब्यापुढे इतरांस बोलणे कठीण जाई. त्यांचा अधिकार मात्र अभ्यासातून आलेला होता. सांप्रत आपण उमेदवारास जात, पक्ष व ओळख विचारतो. अंदाजपत्रक वाचता येते काय, हे कितीजण विचारतात? मंडळीचे पंच निवडतानाही आपण हे विचारीत नाही.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी फिरोजशहा वारले. १९४८ साली मुंबईत सर्व प्रौढांनी नगरसभेसाठी मते दिली. शहराची हद्द १९५० साली अंधेरीपलीकडे गेली व १९५७ साली बोरिवली आणि मुलुंड तिच्यात आली. मार्च २०२२ मध्ये सभेची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही; त्या अवधीत नळाचे पाणी न आल्यास उपनगरच्या रहिवाशास जाब विचारण्यास आपला नगरसेवक नव्हता. बोरीबंदरास आगगाडीतून उतरल्यावर पालिकेच्या इमारतीपुढे फिरोजशहांचा पुतळा दिसतो. तो १९२३ साली तेथे उभारला गेला.