क्वामे एन्क्रुमा

क्वामे एन्क्रुमा (२१ सप्टेंबर १९०९ – २७ एप्रिल १९७२) हे पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाचे पहिले पंतप्रधान व पहिले राष्ट्राध्यक्ष होते. आफ्रिकी ऐक्याचे पुरस्कर्ते आणि अलिप्ततावादी चळवळीच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ते जगभर ओळखले जातात. घानात मात्र त्यांच्या कारकिर्दीविषयीचा वाद मुख्यतः सरकारी पैसा कोठून आला आणि कशावर खर्च झाला, याभोवती फिरतो.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म तत्कालीन गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीतील एन्क्रोफुल या खेड्यात झाला. वडील सोनार होते. अचिमोटा येथे शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेऊन काही काळ अध्यापन केल्यावर ते १९३५ मध्ये अमेरिकेस गेले व लिंकन आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत शिकले. १९४७ मध्ये मायदेशी परतल्यावर दोनच वर्षांनी त्यांनी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी हा स्वतंत्र पक्ष काढला. महात्मा गांधींच्या मार्गाचा प्रभाव असलेल्या त्यांच्या अहिंसक आंदोलनाबद्दल १९५० मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. १९५१ ची निवडणूक त्यांनी तुरुंगातूनच जिंकली. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला आणि १ जुलै १९६० रोजी प्रजासत्ताक होऊन एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष झाले.

कोकोचा पैसा

देशाच्या उत्पन्नाचा कणा कोको हे पीक होते. शेतकऱ्यांकडून ठरलेल्या दराने कोको घ्यायचा, जागतिक बाजारात विकायचा आणि फरक राखून ठेवायचा, ही पणन मंडळाची पद्धत ब्रिटिशांनीच घालून दिली होती. बाजार कोसळल्यास शेतकऱ्याला आधार मिळावा, हा तिचा मूळ हेतू. १९५४ मध्ये जागतिक भाव चढलेला असताना एन्क्रुमा सरकारने साठ पौंडांच्या ओझ्यास ७२ शिलिंग हा दर कायद्याने चार वर्षांसाठी बांधून टाकला. आधारासाठी असलेला निधी अशा रीतीने विकासनिधी बनला. कोको पिकविणाऱ्या अशांती प्रदेशात याची तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि त्याच वर्षी नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट हा विरोधी पक्ष उभा राहिला. त्याच्या संघराज्याच्या मागणीमागे प्रादेशिक अस्मिता होती, तसा हा दरही होता.

१९५९ मध्ये दर ६० शिलिंगांवर आणला गेला. सरकारधार्जिण्या शेतकरी परिषदेने ही कपात स्वेच्छेची वर्गणी म्हणून जाहीर केली; ज्यांच्या खिशातून ती गेली, त्यांना वेगळे विचारले गेले नव्हते.

खर्चाचे अग्रक्रम

या पैशातून झालेली कामे थोडीथोडकी नव्हती. प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाले, रस्ते व रुग्णालये वाढली, टेमा येथे नवे बंदर व औद्योगिक नगर वसले. टीका झाली ती अग्रक्रमावर. आर्थिक सल्लागार डब्ल्यू. आर्थर लुईस (पुढे १९७९ चे नोबेल पारितोषिक विजेते) यांचे मत शेतीची उत्पादकता आधी वाढवावी असे होते. भव्य प्रकल्पांवरून मतभेद झाल्याने ते १९५८ च्या अखेरीस पद सोडून गेले. त्याच सुमारास शेजारच्या गिनीला एक कोटी पौंडांचे कर्ज जाहीर झाले. आफ्रिकी ऐक्याच्या दृष्टीने ते धाडसी होते, पण स्वतःची गंगाजळी मर्यादित असलेल्या देशाला ते झेपणारे नव्हते.

सर्वांत मोठा प्रकल्प व्होल्टा नदीवरील अकोसोंबो धरणाचा. त्याच्या जलाशयामुळे सुमारे ८०,००० लोक विस्थापित झाले. वीज प्रामुख्याने टेमा येथील अमेरिकी मालकीच्या ॲल्युमिनियम कारखान्याला दीर्घ मुदतीच्या कराराने स्वस्तात मिळाली आणि देशात बॉक्साइट असूनही कारखान्याने कच्चा माल बाहेरून आणला. नववसाहतवादावर ग्रंथ लिहिणाऱ्या नेत्याच्या हातून असा करार व्हावा, ही विसंगती टीकाकारांनी वारंवार दाखविली आहे. तरीही धरणाची तुलना आक्रा येथील ‘जॉब ६००’शी करता येत नाही. १९६५ च्या आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या परिषदेसाठी हे आलिशान संकुल घाईने उभारले गेले, आणि अनेक फ्रेंचभाषक राष्ट्रांनी त्या परिषदेवर बहिष्कार घातला. धरणातून निदान वीज मिळाली.

१९६१ चा अर्थसंकल्प

गंगाजळी आटू लागल्यावर जुलै १९६१ च्या अर्थसंकल्पात नवे कर आणि पगारातून पाच टक्के सक्तीची बचत आली. सेकोंडी-ताकोराडी येथील रेल्वे व बंदर कामगार सप्टेंबरमध्ये संपावर गेले. त्या वेळी एन्क्रुमा परदेश दौऱ्यावर होते व बेलग्रेड येथील अलिप्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेत सहभागी झाले होते. संप दोन आठवड्यांहून अधिक चालला. तो मोडल्यावर अटकसत्र सुरू झाले. १९५८ च्या प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायद्याखाली संपाच्या पुढाऱ्यांबरोबर ज्येष्ठ विरोधी नेते जे. बी. डँक्वा यांनाही पकडण्यात आले. दीर्घकाळ अर्थमंत्री राहिलेले कोमला ग्बेडेमा देश सोडून गेले. डँक्वा यांची सुटका झाली, पण १९६४ मध्ये त्यांना पुन्हा स्थानबद्ध केले गेले आणि ४ फेब्रुवारी १९६५ रोजी न्सावाम तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

१९६४ च्या सार्वमताने देश एकपक्षीय झाला. अधिकृत आकडेवारीनुसार ९९ टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. खर्चावर संसदेत प्रश्न विचारणारे आता कोणी उरले नव्हते. त्याच वर्षी सप्तवार्षिक योजना सुरू झाली. तिचा हिशेब कोकोच्या चांगल्या भावावर बेतलेला होता. १९६४–६५ मध्ये पीक विक्रमी आले, पण जागतिक भाव कोसळला आणि शेतकऱ्याचा दर आणखी खाली आणला गेला. ज्या संकटासाठी राखीव निधी होता, ते आले तेव्हा निधी शिल्लक नव्हता.

पदच्युती व नंतर

२२ जानेवारी १९६६ रोजी एन्क्रुमा यांच्या हस्ते अकोसोंबोचे उद्घाटन झाले. २४ फेब्रुवारी रोजी ते हनोईच्या मार्गावर पेकिंगमध्ये असताना लष्कर व पोलिसांनी सत्ता ताब्यात घेतली. गिनीचे अध्यक्ष सेकू तूरे यांनी त्यांना आश्रय देऊन सहअध्यक्षपद दिले. कर्जाचा भार पुढील सरकारांवर पडला. त्यांचे जुने विरोधक कोफी बुसिया यांनी पंतप्रधान या नात्याने डिसेंबर १९७१ मध्ये चलनाचे मोठे अवमूल्यन केले आणि पुढच्याच महिन्यात तेही पदच्युत झाले. नव्या लष्करी राजवटीने १९७२ मध्ये एन्क्रुमा काळातील काही परकीय कर्जे नाकारली. त्याच वर्षी बुखारेस्ट येथे उपचार घेत असताना एन्क्रुमा यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव प्रथम गिनीत व नंतर एन्क्रोफुल येथे दफन करण्यात आले. १९९२ मध्ये ते आक्रा येथील स्मारकात हलविण्यात आले. ‘जॉब ६००’ची इमारत पुढे नूतनीकरण करून संसद सदस्यांच्या कार्यालयांसाठी वापरात आणली गेली.