आर्थर ग्रिंबल : आठवणी आणि दप्तर

आर्थर ग्रिंबल यांचा जन्म १८८८ मध्ये हाँगकाँगला झाला. १९१४ साली ते प्रशांत महासागरातील गिल्बर्ट व एलिस बेटांवर (आजचे किरिबाती व तुवालू) ब्रिटिश वसाहत-खात्याचे उमेदवार अधिकारी म्हणून रुजू झाले. फावल्या वेळात त्यांनी बेटवासीयांची भाषा, कुळकथा व नृत्यगीते टिपून घेतली. ऑक्टोपसच्या शिकारीत आपणच आमिष होऊन पाण्यात उतरल्याचा प्रसंगही ते सांगतात. निवृत्तीनंतर बीबीसीवरून ऐकवलेल्या या आठवणींतून १९५२ मध्ये ‘अ पॅटर्न ऑफ आयलंड्स’ हा अतिशय लोकप्रिय ग्रंथ सिद्ध झाला. त्यातील निवेदक स्वतःवरच हसणारा नवशिका आहे. या विनोदाला अभ्यासक फार लवकर भुलतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण ग्रंथाचा भर उमेदवारीच्या वर्षांवर आहे, सत्तेच्या नव्हे. १९२६ मध्ये ग्रिंबल रेसिडेंट कमिशनर झाले. १९२८ साली बानाबा बेटावरील बुआकोनिकाईच्या ग्रामस्थांनी फॉस्फेटच्या खाणींसाठी जमीन नाकारली, तेव्हा त्यांनी गावाला धमकीचे पत्र धाडले. ज्या नाचांचे ते रसिक होते, त्यांवरही १९३० च्या नियमावलीने निर्बंध आले. १९५६ मध्ये ते निवर्तले. बानाबावासीयांचा दावा १९७० च्या दशकात लंडनच्या न्यायालयात चालला, तेव्हा ते पत्र पुन्हा उजेडात आले.