एका हाताचा मेजर आणि पाण्याचा हिशोब : जॉन वेस्ली पॉवेलची गोष्ट

गूगल मॅप्स उघडा, लेयर्समध्ये जाऊन टेरेन निवडा आणि सह्याद्रीवर झूम करा. डोंगराभोवती बोटांच्या ठशासारख्या बारीक रेषा दिसतील. या समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात. रेषा जवळजवळ आल्या की चढ खडा, लांब गेल्या की उतार सौम्य. पाणी कुठून कुठे वाहणार, धरण कुठे बांधता येईल, रस्ता कुठून काढावा, याचा अंदाज या रेषांवरून येतो.

आज ही उंची उपग्रहावरून मोजता येते. दीडशे वर्षांपूर्वी त्यासाठी माणसाला खांद्यावर यंत्र घेऊन डोंगर चढावा लागायचा. आज मी अशाच एका माणसाबद्दल लिहितोय. त्याला उजवा हात नव्हता, कॉलेजची पदवी नव्हती, आणि तरी तो अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा, म्हणजे यूएसजीएसचा, प्रमुख झाला. नाव जॉन वेस्ली पॉवेल. मला तो आवडतो त्याचं कारण साधं आहे. जमीन वाटण्याआधी पाणी मोजा, एवढंच तो आयुष्यभर सांगत राहिला.

शाळेबाहेरचं शिक्षण

पॉवेलचा जन्म १८३४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट मॉरिस गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. पुढे हे कुटुंब ओहायोमधल्या जॅक्सन गावी राहायला गेलं. तिथे वडिलांची ही मतं बऱ्याच लोकांना खुपायची. त्याचा राग मुलावर निघाला, पोराला दगड मारले जाऊ लागले. शेवटी त्याला शाळेतून काढून जॉर्ज क्रुकहॅम नावाच्या शेजाऱ्याकडे शिकायला पाठवलं. क्रुकहॅम शेतकरी होते, पण दगड, वनस्पती, प्राणी यांचा त्यांना भारी नाद. पोरगा त्यांच्याबरोबर रानात हिंडत शिकला.

पुढे दोन-तीन कॉलेजं झाली, पदवी एकाही ठिकाणी पूर्ण झाली नाही. मास्तरकी करायची आणि सुट्टीत होडी घेऊन नदीत उतरायचं, असा त्याचा क्रम. विशीतच त्याने मिसिसिपी नदी थेट समुद्रापर्यंत वल्हवत पार केली होती.

मग अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत त्याच्या उजव्या हाताला गोळी लागली आणि कोपराखालचा हात कापावा लागला. जखम भरल्यावर पठ्ठ्या पुन्हा सैन्यात हजर! युद्ध संपेपर्यंत तो मेजर झाला होता. लोक पुढे जन्मभर त्याला मेजर म्हणूनच हाक मारत. युद्धानंतर तो इलिनॉयमधल्या एका कॉलेजात भूशास्त्राचा प्राध्यापक झाला.

नकाशातली कोरी जागा

त्या वेळी अमेरिकेच्या नकाशात कोलोरॅडो नदीच्या भागात मोठी कोरी जागा होती. नदी खोल घळीतून वाहते एवढं माहीत होतं. ती नेमकी कशी वळते, कुठे धबधबे आहेत, हे कोणी मोजलेलं नव्हतं.

२४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर इथून चार होड्या निघाल्या. पॉवेल धरून दहा माणसं आणि दहा महिन्यांचा शिधा. पंधरा-सोळा दिवसांतच एक होडी खडकावर आपटून फुटली. तिच्यात बॅरोमीटर होते. ते गेले असते तर मोहिमेला अर्थच उरला नसता. दुसऱ्या दिवशी दोघांनी उसळत्या पाण्यात अडकलेल्या अवशेषांपर्यंत जाऊन ते परत मिळवले.

आता बॅरोमीटर एवढा मोलाचा का? तर हवेचा दाब वर जाऊ तसा कमी होतो. दाब मोजला की उंची काढता येते. अनेक स्मार्टफोनमध्ये आज हाच सेन्सर बसवलेला असतो. माझ्या फोनमध्ये आहे. तीन मजले चढलो की आकडा साधारण एक हेक्टोपास्कलने खाली येतो. पॉवेलकडे यासाठी पाऱ्याची लांब काचेची नळी होती, आणि ती घेऊन त्याला एका हाताने कडे चढायचे होते.

एकदा तो अशाच कड्यावर अडकला. वर जाता येईना, खाली उतरता येईना, धरायला एकच हात. दोर नव्हता. वरच्या कपारीवर पोहोचलेल्या जॉर्ज ब्रॅडली या साथीदाराने आपली लांब अंतर्विजार काढून खाली सोडली. पॉवेलने खडक सोडला, ती पकडली आणि वर ओढला गेला. पुढे मोजमाप सुरू!

पण शेवट इतका हलकाफुलका नव्हता. पीठ भिजून नासलं, मांस खराब झालं. एक जण आधीच सोडून गेला होता. ग्रँड कॅन्यनमध्ये शिधा संपत आला आणि समोर भयंकर धबधबे दिसले, तेव्हा २८ ऑगस्टला आणखी तिघे चढून निघून गेले. ते पुढे मारले गेले. उरलेले सहा जण एक-दोन दिवसांतच घळीतून सुखरूप बाहेर पडले. साधारण १,६०० किलोमीटरचा प्रवास झाला होता. १८७१ मध्ये पॉवेल पुन्हा त्याच नदीत उतरला, या वेळी छायाचित्रकार आणि नकाशाकार बरोबर घेऊन.

१६० एकरांचं गणित

या फिरण्यातून पॉवेलच्या लक्षात एक गोष्ट आली. अमेरिकी सरकार १८६२ च्या कायद्यानुसार प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन देत होतं. पूर्वेकडे पाऊस भरपूर, तिथे एवढ्यात संसार चालायचा. पण देशाच्या साधारण मध्यातून जाणाऱ्या १०० व्या रेखांशाच्या पश्चिमेला बहुतेक ठिकाणी वर्षाला २० इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५०० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो. आपल्याकडे माण, आटपाडी, जत या पट्ट्यात राहणाऱ्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१८७८ मध्ये त्याने कोरड्या प्रदेशातल्या जमिनींवर सरकारला अहवाल दिला. त्यात युटाचा हिशोब होता : ओलिताखाली येईल अशी जमीन जेमतेम तीन टक्के. म्हणून त्याने सुचवलं की बागायती शेतीला ८० एकर पुरे, मात्र नुसत्या चराईवर जगायचं तर कुटुंबाला २,५६० एकर लागतील. आणि तालुक्यांच्या हद्दी पट्टी लावून सरळ रेषेत न आखता पाणलोट क्षेत्राप्रमाणे ठरवा. ज्यांचं पाणी एका ओढ्यातून येतं, त्यांनी एकत्र बसून ते वाटून घ्यावं.

जमीन विकणाऱ्या कंपन्या आणि रेल्वेवाल्यांना हे कसं रुचणार? त्या काळात तर असाही प्रचार जोरात होता की जमीन नांगरली की पाऊस आपोआप मागे येतो. त्यावर विश्वास ठेवून हजारो कुटुंबं पश्चिमेकडे निघाली होती.

सरकारी खातं आणि क्युसेक

१८७९ मध्ये यूएसजीएस स्थापन झालं. १८८१ मध्ये पॉवेल त्याचा दुसरा संचालक झाला आणि त्याने संपूर्ण देशाचे सारख्या पद्धतीचे नकाशे काढायचं काम हाती घेतलं. समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळं, माणसाने बांधलेलं ते काळं. आपल्याकडच्या सर्वे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवरही रेषा तपकिरी आणि पाणी निळंच दिसेल.

मग दुष्काळ पडू लागले आणि १८८८ मध्ये संसदेने पॉवेलकडे सिंचन सर्वेक्षण सोपवलं. नद्यांत किती पाणी आहे, धरणं कुठे होतील, कुठली जमीन भिजेल, हे शोधायचं होतं. पण वाहती नदी मोजायची कशी, हे शिकलेली माणसंच नव्हती. म्हणून न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांडे नदीकाठी एंबुडो गावी एक शिबिर उभं राहिलं. फ्रेडरिक न्यूवेल या तरुण इंजिनियरच्या हाताखाली पोरं थंडीत नदीवर उतरली. १८८९ च्या जानेवारीत तिथे यूएसजीएसचं पहिलं प्रवाहमोजणी केंद्र सुरू झालं.

पद्धत समजायला सोपी आहे. नदीची रुंदी आणि खोली मोजून पाण्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ काढा, त्याला वाहण्याच्या वेगाने गुणा. उत्तर सेकंदाला किती घनफूट असं येतं. पावसाळ्यात बातम्यांमध्ये धरणातून इतके क्युसेक विसर्ग असं ऐकता ना? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी.

मोजणी बंद पाडली

गोची झाली ती कायद्यातल्या एका कलमाने. सर्वेक्षणात ओलितायोग्य ठरणारी जमीन आधीच कोणी बळकावू नये म्हणून तिचं वाटप थांबवण्याची तरतूद होती. तिचा अर्थ असा लावला गेला की पश्चिमेतलं जमीनवाटपच अडून बसलं. नेवाडाचे सिनेटर स्टुअर्ट यांच्यासारखे नेते पॉवेलवर तुटून पडले. त्यांना धरणांच्या जागांची यादी ताबडतोब हवी होती. पॉवेलचं म्हणणं, आधी नकाशा पूर्ण होऊ द्या. १८९० मध्ये संसदेने सिंचन सर्वेक्षणाचे पैसेच तोडले.

१८९३ मध्ये लॉस एंजेलिसला सिंचन परिषद भरली. पॉवेलने तिथे तोंडावर सांगितलं की आहे तेवढी जमीन भिजवायला या प्रदेशात पाणीच नाही, आणि तुम्ही पुढच्या पिढ्यांसाठी भांडणं पेरून ठेवताय. सभागृहात त्याची हुर्यो उडवली गेली. पुढच्या वर्षी त्याने संचालकपद सोडलं.

एक गोष्ट मी झाकून ठेवणार नाही. त्या प्रदेशातल्या वाटा आणि झरे पॉवेलला दाखवले ते पायूट लोकांनी. त्यांच्या भाषा आणि कथा त्याने आस्थेने लिहून घेतल्या. पण १८७३ च्या सरकारी अहवालात याच लोकांना राखीव वस्त्यांत पाठवण्याची शिफारसही त्याने केली. ज्यांना पाणी सर्वात आधी माहीत होतं, ते त्याच्या पाणीवाटपाच्या आराखड्यात कुठेच नव्हते.

पुढे काय झालं

सप्टेंबर १९०२ मध्ये पॉवेल वारला. त्याच वर्षी अमेरिकेत सरकारी सिंचनाचा मोठा कायदा झाला आणि त्या नव्या खात्याचा प्रमुख झाला एंबुडोचा तोच न्यूवेल. १९२२ मध्ये कोलोरॅडोचं पाणी राज्यांत वाटलं गेलं, पण हिशोब धरला तो जास्त पावसाच्या वर्षांचा. नदीत नसलेलं पाणीसुद्धा कागदावर वाटून झालं. या नदीवरच्या एका प्रचंड जलाशयाला आज लेक पॉवेल म्हणतात. २०२३ च्या सुरुवातीला तो एक चतुर्थांशही भरलेला नव्हता.

एंबुडोचं केंद्र मात्र अजून चालू आहे. तिथल्या प्रवाहाचा ताजा आकडा यूएसजीएसच्या साइटवर कोणालाही फुकट बघता येतो. महाराष्ट्रातही भूजलाचा हिशोब पाणलोट क्षेत्राप्रमाणेच केला जातो, आणि इस्रोच्या भुवन पोर्टलवर जमिनीच्या वापराचे नकाशे सर्वांसाठी खुले आहेत.

तेव्हा घरात नवी बोअर घ्यायची किंवा प्लॉट विकत घ्यायचा विषय निघाला, तर ब्रोशरमधल्या हिरव्या चित्रांवर जाऊ नका. टेरेन लेयर लावा, ओढा कुठून येतो ते बघा, भुवनवर ती जमीन कशात मोडते ते तपासा, आणि गावातल्या विहिरींना मे महिन्यात पाणी असतं का ते जुन्या माणसांना विचारा. बोअरला पैसे लागतात. हे सगळं बघायला एक दुपार पुरते.