चार्ल्स एडमंड केल्स

चार्ल्स एडमंड केल्स (२१ ऑक्टोबर १८५६ – ७ मे १९२८) हे अमेरिकन दंतवैद्य व संशोधक होते. दंत-क्ष-किरणशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन
केल्स यांचा जन्म लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स येथे झाला. त्यांचे वडीलही दंतवैद्य होते. न्यूयॉर्क कॉलेज ऑफ डेंटिस्ट्री येथून १८७८ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये व्यवसाय सुरू केला. दवाखान्यात विजेचा वापर करणाऱ्या पहिल्या काही दंतवैद्यांपैकी ते एक होते. शस्त्रक्रियेच्या जागेचे रक्त व लाळ शोषून घेणारा पंपही त्यांनी तयार केला.

क्ष-किरणविषयक कार्य
विल्हेल्म राँटजेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतील ओट्टो वाल्खॉफ यांनी २५ मिनिटे किरण सोडून स्वतःच्या दातांची प्रतिमा मिळवली. त्याच वर्षी केल्स यांनी आपल्या दवाखान्यात यंत्र बसवले आणि जुलैमध्ये ॲशव्हिल येथील दंतवैद्यांच्या परिषदेत प्रात्यक्षिक दाखवले. दाताची लांबी प्रतिमेत खरी दिसावी म्हणून फिल्म दाताला समांतर ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. १८९९ मध्ये दातांच्या मूळनलिका उपचारात त्यांनी नलिकेत शिशाची तार ठेवून क्ष-किरणांच्या साहाय्याने तिची लांबी तपासली.

दातांतील जंतुसंसर्गामुळे शरीरात इतरत्र रोग होतात, या समजुतीने त्या काळी दात सरसकट काढले जात. निदानाची खात्री नसताना दात काढण्याला केल्स यांनी जाहीर विरोध केला.

आजार व मृत्यू
सुरुवातीच्या क्ष-किरण नळ्यांतील किरणांची तीव्रता सतत बदलत असे. ती जुळवण्यासाठी केल्स नळी व चकाकणारा पडदा यांच्यामध्ये स्वतःचा हात धरून हाडे स्पष्ट दिसेपर्यंत पाहत. किरणांचा अपाय तत्काळ जाणवत नसल्याने ही पद्धत वर्षानुवर्षे चालू राहिली. पुढे त्यांच्या हाताला कर्करोग झाला. अनेक शस्त्रक्रियांमध्ये बोटे, नंतर हात आणि अखेरीस संपूर्ण डावा बाहू काढावा लागला. या काळातही त्यांनी लेखन सुरू ठेवले व क्ष-किरणांच्या धोक्याविषयी सहव्यावसायिकांना सावध केले. असह्य वेदनांमुळे ७ मे १९२८ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

वारसा
समांतर पद्धत पुढे दंत-क्ष-किरण प्रतिमांची प्रमाणित पद्धत ठरली. आज फिल्म किंवा संवेदक रुग्णाच्या तोंडात धारकाने धरला जातो आणि यंत्र चालवणारी व्यक्ती किरणांच्या मार्गाबाहेर उभी राहते. भारतातील दंत महाविद्यालयांत मुखरोगनिदान व क्ष-किरणशास्त्र हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय असून किरणोत्सर्गापासून संरक्षण हा त्याच्या अभ्यासाचा भाग आहे.